बऱ्याच दिवसांनी लिहायला बसताना

दहावीचा निकाल लागतो आणि दहा वर्षं एका वर्गात बसलेली मुलं महिना-दोन महिन्यांत पांगतात. एकजण नीटच्या तयारीसाठी लातूरला जातो, एकजण तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटरला लागतो, एकीचा पॉलिटेक्निकला नंबर लागतो, एकीच्या बाबांची बदली होते. व्हॉट्सॲपवर शाळेचा ग्रुप असतो, पण वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि रील्स यांपलीकडे त्यावर फारसं काही येत नाही. मग दिवाळीत कुणीतरी भेटतं, विचारतं, ‘काय चाललंय सध्या?’ आणि सहा महिन्यांत इतकं सगळं घडून गेलेलं असूनही तोंडातून निघतं, ‘काही नाही रे, निवांत.’

त्या ‘काही नाही’च्या पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. लांब गेलेल्या मैत्रिणीला सविस्तर पत्र लिहायचं असेल किंवा जूनमध्ये बंद पडलेली डायरी पुन्हा उघडायची असेल, तर अडचण सारखीच येते. सांगायचं इतकं तुंबलेलं असतं की सुरुवात होत नाही. रोज वाटतं, रविवारी नीट बसून सगळं लिहून काढू. रविवार जातो, तुंबलेल्यात आणखी एका आठवड्याची भर पडते.

माझं आग्रहाचं सांगणं असं की, सगळं लिहायचा विचार आधी सोडा. आज जिथे आहात तिथून सुरू करा आणि त्या ओघात मागचं जेवढं आपसूक येईल तेवढंच घ्या. आत्ता कुठे बसला आहात, बाहेर कसला आवाज येतोय, संध्याकाळी क्लास आहे की नाही, उद्या कसली परीक्षा आहे, एवढ्या चार ओळी झाल्या की हात सुटतो. क्लासचं नाव आलं की क्लास का लावला ते येतं, त्यातून जुलैमधली घरातली वादावादी येते, वादावादीतून आजी येते. सहा महिन्यांचा हिशेब महिन्यांच्या क्रमाने मांडायला गेलात, तर जून संपायच्या आतच कंटाळाल.

तुमच्याच वयाच्या एका मुलीने हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. ॲन फ्रँकला तिच्या तेराव्या वाढदिवशी, १२ जून १९४२ रोजी, ॲमस्टरडॅममध्ये वही भेट मिळाली. ‘किटी’ नावाच्या काल्पनिक मैत्रिणीला पत्रं लिहावीत तशी ती डायरी लिहू लागली. २० जूनला तिला जाणवलं की एकदम मधूनच सुरुवात केली तर किटीला काहीच कळणार नाही. म्हणून तिने आधी आपली थोडक्यात हकीकत दिली: आईवडील, बहीण, जर्मनी सोडून हॉलंडला येणं, मग ज्यूंवर एकामागून एक आलेली बंधनं. तेरा वर्षांचं आयुष्य तिने थोड्याशा जागेत बसवलं आणि लगेच चालू दिवसांवर आली. त्याआधी वर्गातल्या मुलामुलींचं वर्णनही तिने करून टाकलं होतं. कोण कसं वागतं, कोण कुणाच्या मागे असतं, हे सगळं अगदी बेधडक.

मग जुलैमध्ये तिचं घरच सुटलं. एका रविवारी बहिणीला नाझींपुढे हजर होण्याचं बोलावणं आलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब लपायच्या जागी गेलं. ८ जुलैला ती पुन्हा लिहायला बसली तेव्हा तो रविवार उलटून तीनच दिवस झाले होते, पण तिला तो काळ वर्षांचा वाटत होता. अशा वेळी तिने काय केलं? ती गोष्ट तिने एका दुपारपासून सांगितली. तीन वाजले होते, ती गच्चीत उन्हात पडून वाचत होती, दाराची घंटा वाजली ती तिला ऐकूही आली नाही. तिथून पुढे एकेक प्रसंग येत जातो आणि आपण सोबत चालत राहतो. तिच्यावर आलं तसं कुणावरही येऊ नये. पण खूप काही एकदम घडून गेलं असेल तर एक वेळ, एक जागा आणि आपण तिथे काय करत होतो एवढं पकडून सुरुवात करावी, हे तिच्याकडून शिकता येतं.

आता लिहायचं कुणाला, ते ठरवा. डायरी असली तरी ठरवा. ‘प्रिय डायरी’ लिहून फारसं साधत नाही, कारण डायरी काही विचारत नाही. मनात खरं माणूस असलं की काय सांगायचं आणि काय गाळायचं ते आपोआप कळतं. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं ‘सुंदर पत्रे’ या नावाने मराठी घरांत वाचली गेली. ती ‘साधना’ साप्ताहिकात छापून येत होती, म्हणजे वाचक अनेक होते, पण लिहिताना समोर एकच मुलगी होती. तुम्ही मावसबहिणीला लिहा, गावाकडच्या आजोबांना लिहा, शाळेतल्या एखाद्या बाईंना लिहा. एकच हकीकत या तिघांना वेगवेगळी लिहावी लागेल. आजोबांना पाऊस आणि कापूस विचारावा लागेल, बाईंना गणिताचे नवे सर कसे आहेत ते सांगावं लागेल.

भाषेचंही तसंच. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी, जे घरात बोलता ते पत्रात येऊ द्या. निबंधाची भाषा निबंधाच्या वहीत ठेवा. ‘माझ्या शैक्षणिक जीवनात अनेक बदल घडून आले’ असं कुणी मैत्रिणीला सांगतं का? ‘कॉलेजात कुणीच उठाबशा काढायला लावत नाही, आणि त्यामुळेच अभ्यास होत नाहीये’ असं सांगतं. लक्ष्मीबाई टिळकांचं शालेय शिक्षण झालेलं नव्हतं, पण ‘स्मृतिचित्रे’ आजही ताजं वाटतं ते त्यातल्या बोलण्यासारख्या लिहिण्यामुळे. लिहायचाच कंटाळा असेल तर फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि मग ऐकत ऐकत कागदावर उतरवा. बोलताना आपण किती मजेदार तपशील सहज सांगतो ते तेव्हा कळेल.

मागचं आठवत नाही, ही सगळ्यांची तक्रार. आठवायला नुसतं डोकं धरून बसू नका, वस्तू गोळा करा. फोनची गॅलरी महिन्यानुसार मागे न्या आणि चांगल्या फोटोंपेक्षा वाईट फोटो बघा. फळ्यावरचं गणित, मेसच्या ताटाचा फोटो, चुकून दाबलं गेलेलं बटण आणि त्यात आलेला कुणाचा तरी पाय, यांत खरा महिना असतो. रफ वहीचं शेवटचं पान बघा. तिथे नावं, गोळा-फुल्ली, कुणाशी तरी तासाला लिहून केलेल्या गप्पा सापडतात. एसटीचा पास, झेरॉक्सची पावती, दप्तराच्या तळाशी राहिलेलं किल्ल्यावरच्या जेवणाचं कुपन, आईच्या फोनवरून केलेल्या पैशांच्या व्यवहारांची यादी. ‘ऑगस्टमध्ये दर शनिवारी वडापावचे पैसे गेलेत’ हे दिसलं की तो शनिवारचा कट्टा, तिथे येणारे तिघेजण आणि नंतर येईनासा झालेला चौथा, सगळे आठवतात. यादी करताना एकेका वस्तूपुढे एकच ओळ लिहा. त्यातल्या ज्या ओळीला स्वतःहून दुसरी ओळ फुटते तीच घ्या, बाकीच्या राहू द्या.

एक उदाहरण जरा जवळून बघू. ‘गणपतीत यंदा खूप धमाल केली’ हे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात असतं आणि ते वाचून समोरच्याच्या हाती काही लागत नाही. तेच असं लिहून बघा: ‘यंदा पथकात ढोल मिळाला. सरावाच्या पहिल्या आठवड्यातच बोटं सोलली. मग एका ताईने चिकटपट्टी कशी गुंडाळायची ते दाखवलं. मिरवणुकीच्या दिवशी कमरेला दोरी इतकी काचली की दुसऱ्या दिवशी बाकावर टेकून बसता येत नव्हतं. पण चौकात सगळ्यांचा ठेका एकदम जुळला तेव्हा माझा ढोल मला वेगळा ऐकूच आला नाही.’ यात धमाल हा शब्द नाही. वाचणाऱ्याला ती दिसते, आणि तुमच्यात काय बदललं तेही त्याला कळतं. ‘खूप’, ‘मस्त’, ‘भारी’ हे शब्द बोलताना छान, कारण तेव्हा चेहरा दिसतो. कागदावर चेहऱ्याचं काम तपशिलाला करावं लागतं.

मित्रमैत्रिणींबद्दल लिहिताना कोण कसा आहे ते सांगत बसू नका, त्याने काय केलं ते सांगा. ‘माझी नवी मैत्रीण खूप समजूतदार आहे’ यापेक्षा ‘प्रॅक्टिकलला माझं जर्नल घरी राहिलं तेव्हा ती स्वतःचं जर्नल झाकून माझ्याबरोबर बाहेर उभी राहिली’ हे वाचून मला ती मुलगी आवडून गेली. जुन्या मित्रांतले बदलही असेच टिपा. आवाज फुटलेला, बोलण्यात ‘सर म्हणतात’ वारंवार येणारा, गावी आला तरी क्रिकेटला न उतरता कडेला उभा राहणारा. आपण भेटतो तेव्हा मधल्या काळात समोरचाही बदललेला असतो, आणि आपल्यालाही तो तसंच निरखत असतो.

भांडण झालं असेल तर त्याबद्दल जरूर लिहा, पण दोन टप्प्यांत. आधी फक्त कोण काय म्हणालं ते क्रमाने लिहा, तुमचंही बोलणं त्यात आलं पाहिजे. मग पान तसंच ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी त्याखाली तुम्हाला काय वाटलं ते लिहा. बऱ्याच वेळा दुसऱ्या दिवशीचा मजकूर वेगळाच येतो. ॲननेही आपली जुनी पानं नंतर वाचून जानेवारी १९४४ मध्ये त्यांत टिपणं घातली होती. आपण असं कसं लिहिलं होतं, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. म्हणून वहीत उजवीकडे समास सोडा. पुढच्या वर्षीच्या तुम्हाला तिथे काहीतरी लिहावंसं वाटेल.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं गुपित फोनवर लिहून कुणालाही पाठवू नका. स्क्रीनशॉट काढायला एक क्षण पुरतो आणि तो कुठवर फिरेल ते कुणाच्याच हातात राहत नाही. डायरीत लिहायचंच असेल तर नाव बदला. ॲनच्या डायरीच्या छापील पुस्तकातही काही माणसांच्या इच्छेनुसार त्यांच्या खऱ्या नावांऐवजी आद्याक्षरं घातली आहेत. आणि आईबाबांनो, मुलांची डायरी उघडी सापडली तर ती मिटून ठेवा. एकदा वाचली गेल्याचं कळलं की मूल त्यानंतर तुम्हाला चालेल तेवढंच लिहितं.

छंदांविषयी मला जास्त बोलायचं आहे, कारण खबरबात सांगताना सगळ्यांत घाईने गुंडाळला जातो तो हाच भाग. ‘ड्रॉइंग सुटलं’ या दोन शब्दांत विषय संपतो. आपल्याकडे सातवी-आठवीत कितीतरी मुलं एलिमेंटरीला बसतात, मग इंटरमिजिएट देतात, ग्रेडचे गुण दहावीच्या निकालात मिळतात आणि गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. तबल्याचं तेच. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, आणि मध्यमाच्या आधी दहावी येते. छंद सुटला याचं तुम्हाला आतून वाईट वाटत असतं, म्हणून त्याबद्दल लिहायचं टाळलं जातं. टाळू नका. नेमका कुठे थांबला ते लिहा. तबला असेल तर कुठला कायदा बसत होता, कुठल्या लयीला हात अडत होता, शेवटचा क्लास कुठल्या वारी होता, बाया-दायाला आता कुठे धूळ बसली आहे. चित्र असेल तर स्थिरचित्रात तांब्याची गोलाई जमत होती का, जलरंगात कागद फुगायचा तेव्हा सर काय करायला सांगायचे, ते लिहा. एवढं बारीक लिहिलंत की एक तर हात शिवशिवतील, किंवा स्पष्ट कळेल की हा छंद तुमचा नव्हता, तो गुणांसाठी होता. दोन्ही कळणं उपयोगाचंच. हात शिवशिवले तर पूर्ण क्लास लगेच लावायची गरज नाही. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं, जिथे थांबला होतात त्याच्या दोन पायऱ्या मागून सुरुवात करा. मागून अशासाठी की, जुन्या जागी हात अडखळला तर लगेच निराशा येते.

आणि ज्यांचा छंद चालू आहे त्यांनी तारीखवार टिपणं ठेवावीत. मुंबईत वाढलेल्या सालिम अलींचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारल्या. तबेल्यात भिंतीच्या भोकाशी बसणारा नर मारला की थोड्याच वेळात मादीपाशी दुसरा नर हजर होतो, पुन्हा मारला की आणखी एक येतो, हे त्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. शिकारीच्या फुशारकीने लिहिलेलं ते टिपण अनेक दशकांनी पक्ष्यांच्या वर्तनाची नोंद म्हणून छापलं गेलं. १९८५ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही चिमणीच आहे, गळ्यावर पिवळा डाग असलेली ती दुसरी चिमणी, जिची ओळख विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले होते. पक्षी मारणं आज कुणी करू नये. पण काय दिसलं ते त्याच दिवशी, जसंच्या तसं लिहावं. रुबिक क्यूबची वेळ, मांज्याने कापलेलं बोट, नवीन ओव्हर टाकताना लाइन कुठे चुकत होती, रायलिंग पठारावरून दिसलेलं लिंगाण्याचं टोक, रीलसाठी बसवलेल्या नाचातली न जमणारी गिरकी. काहीही चालेल. तारीख मात्र घाला.

सांगण्यासारखं चांगलं काहीच घडलं नाही असंही असतं. पहिल्या युनिट टेस्टला भौतिकशास्त्रात नापास, घरात पैशांची ओढाताण, हॉस्टेलवर रात्री येणारं रडू. हे लिहावं का? लिहावं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या मनावरच्या ओझ्याबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर लगेच मुलांना अधिक उदास वाटलं. पण ज्यांनी काय घडलं आणि त्याबद्दल काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांना पुढच्या महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा जावं लागलं. म्हणून असं पान लिहिल्यावर लगेच झोपायला जाऊ नका. थोडं चाला, कुणाशी तरी जेवा. आणि तीच ती काळी गोष्ट पानामागून पान येऊ लागली, जगू नये असं वाटू लागलं, तर वही पुरी पडणार नाही. त्याच दिवशी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. घरात किंवा बाहेर कुणी त्रास देत असेल तर मुलांसाठी १०९८ आहे.

पत्र असेल तर समोरच्यालाही जागा द्या. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला ‘बरी’ एवढंच उत्तर येतं. विचारायचं असेल तर असं विचारा: मेसला बुधवारी काय असतं? खोलीत कोण कोण आहे आणि दिवा कोण बंद करतं? सुट्टीच्या दिवशी कपडे धुऊन झाल्यावर तुम्ही कुठे जाता? वर्गात तुझ्या गावचं नाव कुणाला माहीत होतं का? असे चार प्रश्न पुरेत. तिला उत्तराची सुरुवात आयती मिळते आणि ‘काय लिहू’ हा प्रश्न उरत नाही.

पत्र किती मोठं? दोन पाठपोट पानं झाली की थांबा. राहिलेलं पुढच्या पत्रात. काही हॉस्टेलांवर मुलांना मोबाइल ठेवू देत नाहीत किंवा आठवड्यातून एकदाच देतात. तिथल्या मैत्रिणीला टपालाने लिहा. पोस्टात आंतर्देशीय पत्र २.५० रुपयांना मिळतं, त्यात फोटो किंवा दुसरा कागद घालायचा नसतो. फोटो पाठवायचा असेल तर पाकीट घ्या आणि वजन करून तिकीट लावा. पत्त्यात तिचं पूर्ण नाव, खोलीचा क्रमांक आणि पिनकोड घाला. हॉस्टेलात एकाच नावाच्या चार मुली असतात, आणि पत्र चुकीच्या खोलीत गेलं तर ते वाचलं जाणारच. तुमचा पत्ताही लिहा. पुष्कळ मुलांना स्वतःचा पिनकोड पाठ नसतो, आधी तो विचारून घ्या.

टाकण्याआधी फोनवर पत्राचा फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी काय सांगून झालंय ते बघता येईल. महिनाभर उत्तर आलं नाही तर रुसू नका, तिथे दर रविवारी टेस्ट असते. ५० पैशांचं पोस्टकार्ड घ्या आणि त्यावर एक ताजी बातमी आणि एक प्रश्न, एवढंच लिहून टाका.